अदंभित्व आणि आमच्या गावचे बाळाजीपंत



गीतेच्या तेराव्या अध्यायातली ज्ञानाची लक्षणं आपण एकेक करून घेतोय. काल अमानित्व झालं, आज अदंभित्व. दंभ म्हणजे आत नसलेलं बाहेर मिरवणं, हे आपल्याला पटकन कळतं. माऊली मात्र ज्ञानेश्वरीत इथे लोभी माणसाचं उदाहरण देतात. जीव गेला तरी तो पुरलेल्या धनाची जागा सांगत नाही. आत ठेवा आहे, आणि बाहेर त्याचा पत्ताही नाही. वाचताना मला संतांआधी आमच्या श्रीवर्धनचा एक माणूस आठवला. तो संत अजिबात नव्हता.

बाळाजी विश्वनाथ भट, शाहू महाराजांचे पेशवे. आमच्या गावात त्यांचा पुतळा आहे. सुट्टीत हरिहरेश्वर करून येणारे लोक तिथे फोटो काढतात आणि बहुतेकांच्या डोक्यात शनिवारवाडा असतो. तो वाडा पंतांनी पाहिलाच नाही. त्याचं काम 1730 मध्ये सुरू झालं, पंत जाऊन दहा वर्षं झाल्यावर. वाड्यासमोर घोड्यावर बसलेला पुतळा आहे तो त्यांच्या मुलाचा, बाजीरावांचा. सिनेमाही त्यांच्यावरच निघाला. वडिलांना घोड्यावर बसवायचं कुणा शिल्पकाराच्या मनात आलं असतं तर पंचाईत झाली असती, कारण पंतांना घोडा नीट जमत नसे अशी आख्यायिका आहे. दोन बाजूंना दोन माणसं धरायला लागत म्हणे. ज्या फौजेची सगळी मिजास घोड्याच्या पाठीवर होती, तिथे हा माणूस कसा दिसत असेल, कल्पना करा.

भटांकडे श्रीवर्धनची देशमुखी होती आणि इलाखा जंजिऱ्याच्या सिद्दीचा. सिद्दीशी बिनसलं तेव्हा गाव सोडावं लागलं. बाणकोटची खाडी ओलांडली की वेळास, तुम्ही कासवं बघायला जाता तेच. तिथल्या भानू मंडळींनी पंतांना साथ दिली. सिद्दीच्या लोकांनी पंतांना अंजनवेलला अडकवलं आणि भानूंनी सोडवलं, असं परंपरा सांगते. त्या वेळी भाकरी वाटून खायचं ठरलं होतं. पुढे पंत पेशवे झाले आणि फडणिशी भानूंच्या घरात गेली. नाना फडणवीस त्याच घरातले. अडचणीत दिलेला शब्द माणूस पद मिळाल्यावर कसा विसरतो हे आपण रोज बघतो, म्हणून ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

देशावर आल्यावर पंतांनी कारकुनी केली. वसुलीचे हिशेब, पत्रं, कर्जाची जमवाजमव. सेनापती धनाजी जाधवांच्या हाताखाली ते वर आले. पुण्याची आणि दौलताबादची सरसुभेदारीही त्यांनी सांभाळली. 1707 मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा त्यांच्यामागे फार थोडे लोक होते. धनाजींना त्यांच्या बाजूला आणण्यात पंतांचा हात होता असं मानतात. धनाजी वारले आणि त्यांच्या मुलाचं, चंद्रसेनाचं, पंतांशी पटेना. एका हरणाच्या शिकारीवरून ठिणगी पडली, असं सांगतात. पंतांना जीव वाचवत पांडवगडाचा आश्रय घ्यावा लागला, आणि 1711 मध्ये चंद्रसेन महाराजांना सोडून गेला. फौजच विस्कटली. तेव्हा महाराजांनी पंतांना किताब दिला ‘सेनाकर्ते’. घोड्यावर तोल न सावरणाऱ्या माणसाला! मला हे वाचून दरवेळी हसू येतं. पण त्यांनी पैसे उभे केले, माणसं जोडली आणि फौज उभी राहिली.

आता खरी अदंभित्वाची गोष्ट. दमाजी थोरात नावाचा एक पुंड सरदार हिंगणगावच्या गढीत बसून मुलूख लुटत होता. त्याने पंतांना बोलणीसाठी बोलावलं आणि बेलभंडाऱ्याची शपथ घेतली. बेल शंकराचा, भंडारा खंडोबाचा. त्या काळी याहून मोठी हमी नव्हती. पंत आत गेले, सोबत अंबाजीपंत पुरंदरे, आणि दमाजीने त्यांना कैद केलं. शपथेची आठवण करून दिल्यावर तो म्हणे हसला. बेल हे झाडाचं पान आणि भंडारा म्हणजे रोज जेवणात असते ती हळद, असा त्याचा खुलासा. महाराजांनी खंडणी भरली तेव्हा सुटका झाली. पुढे पंतांनी फौज नेऊन ती गढी पाडली.

दमाजी बोलला ते तसं पाहिलं तर बरोबरच आहे. पान हे पानच असतं. गळ्यातली तुळशीमाळ लाकूड आहे, कपाळावरचा बुक्का पूड आहे, आणि माझ्या फोनच्या वॉलपेपरवरचा विठोबा पिक्सेल आहेत. धरणाऱ्याच्या मनात काय आहे त्यावर सगळं अवलंबून. त्यात पंत फसले ते समोरच्या शपथेवर भरवसा ठेवल्यामुळे. चलाख मुत्सद्द्याने असं फसावं हे काहींना खटकतं. मला त्यामुळे ते जवळचे वाटतात.

1713 मध्ये कान्होजी आंग्र्यांनी महाराजांच्या पेशव्यालाच, बहिरोपंत पिंगळ्यांना, पकडलं. पेशवाईची वस्त्रं पंतांना मिळाली ती या संकटात. ते फौज घेऊन निघाले, पण भर दिला पत्रांवर. दोघेही कोकणचे, दोघांचीही श्रद्धा धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींवर. (हे स्वामी सरदारांना कर्जं देत आणि वसूलही करत. बाहेर संन्यासी, आत काय, हा वेगळ्या दिवसाचा विषय.) लढाई झाली नाही. लोणावळ्याजवळ भेट होऊन 1714 मध्ये तह झाला, पिंगळे सुटले, कान्होजी सरखेल राहिले आणि महाराजांचे झाले.

पंतांना देव्हाऱ्यात बसवायचा माझा विचार नाही. सरदारांमध्ये वसुलीची जी वाटणी त्यांनी लावली, तिच्यामुळे पुढे प्रत्येकजण आपापल्या मुलखाचा धनी झाला, हा आरोप मला बराचसा पटतो. ही व्यवस्था चालत होती तोवर चालली.

1718 मध्ये ते सय्यद हुसेन अलीबरोबर दिल्लीला निघाले. तिथे बादशहा फर्रुखसियर पदच्युत झाला आणि दंगलीत शेकडो मराठे मारले गेले. वेळासच्या भानूंपैकी बाळाजी महादेव, नानांचे आजोबा, तिथेच गेले. मार्च 1719 मध्ये दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा पंतांच्या हाती आल्या. शाळेत आपण एवढंच शिकतो. पण सनदांबरोबर एक माणूसही परत आला. येसूबाई, संभाजी महाराजांच्या पत्नी, 1689 मध्ये रायगड पडल्यापासून मोगलांच्या ताब्यात होत्या. तीस वर्षांनी त्या साताऱ्याला पोचल्या आणि मायलेकरांची भेट झाली.

पंत दमले होते. सासवडला आले आणि 1720 च्या एप्रिलमध्ये तिथेच वारले. बाजीराव तेव्हा अजून वीस वर्षांचेही नव्हते.

उद्या पुढचं लक्षण, अहिंसा. माऊलींनी त्यावर भरपूर लिहिलंय, एका दिवसात उरकणार नाही. तेरावा अध्याय उघडून ठेवा.