झांजिबारचा मुलगा, पाचगणीचा पियानो

लहानपणी मला जंजिरा आणि झांजिबार ही एकाच गावाची दोन नावे वाटत. मुरूडच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलाची ही चूक तशी क्षम्य म्हटली पाहिजे. समोर पाण्यात सिद्दींचा किल्ला, सिद्दी आले आफ्रिकेतून आणि झांजिबारही आफ्रिकेकडेच. हिशेब जुळत होता. जंजिरा हा बेट या अर्थाच्या अरबी शब्दाचा आपल्याकडे झालेला अवतार आणि झांजिबार म्हणजे पार पलीकडच्या काठाजवळचे लवंगांचे बेट, हे बऱ्याच उशिरा कळले. पण मधला समुद्र एकच. त्यावरून शतकानुशतके गलबते मोसमी वाऱ्याच्या भरवशावर ये-जा करीत आली, आणि पुढे त्यांची जागा आगबोटींनी घेतली.

झांजिबारची पुन्हा आठवण झाली ती एका कॅसेटमुळे. आमच्या आळीतला एक दादा बोटीवर होता. आमच्याकडे घरटी एखादा तरी बोटीवर असायचाच. तो सुटीवर आला की त्याच्या ओटीवर आम्ही पोरे गोळा व्हायचो. परदेशी साबणाचा वास, चॉकलेटे आणि एक भलामोठा टू-इन-वन. १९८३ च्या मे महिन्यात त्याने ‘क्वीन’ नावाच्या इंग्रजी वाद्यवृंदाची ‘ग्रेटेस्ट हिट्स’ ही कॅसेट आणली आणि वेष्टनावरच्या चौघांपैकी एकावर बोट ठेवून सांगितले, की हा आपल्याकडचा आहे, पारशी आहे, पाचगणीला शिकलाय. आम्ही सगळे हसलो. बोटीवरच्या माणसांच्या गोष्टी म्हणजे भरतीचे पाणी, ओसरेपर्यंत थांबायचे असते.

दादा खरे सांगत होता. फ्रेडी मर्क्युरी म्हणून साऱ्या जगाने डोक्यावर घेतलेल्या गायकाचे नाव फरोख बुलसारा. जन्म झांजिबारमध्ये, ५ सप्टेंबर १९४६ रोजी. वडील बोमी ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल, आई जेर, पाठची बहीण काश्मिरा. आडनाव बलसाडवरून, म्हणजे आपल्याच किनाऱ्याने वर गेले की लागणाऱ्या गावावरून आलेले. झांजिबारमध्ये घर चांगले चालले होते, पण मुलाला शिक्षण चांगले मिळावे या विचाराने आईबापांनी त्याला आठव्या वर्षी समुद्रापार, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात पाठवले.

आठ वर्षांचे पोर म्हणजे किती, हे ज्यांच्या घरात तिसरी-चौथीतले मूल आहे त्यांना सांगायला नको. त्या काळात पूर्व आफ्रिका आणि मुंबई यांच्यामध्ये ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी चालत. मुंबई बंदरात शिरणारी बोट अलिबागसमोरच्या समुद्रातून जाते. खांदेरीचा दिवा किनाऱ्यावरून मी पुष्कळदा पाहिला आहे आणि पुढे हे सारे वाचल्यापासून तो पाहताना कठड्याला धरून उभा असलेला एक दातेरी मुलगा माझ्या डोळ्यांपुढे येतो. त्याने तो दिवा पाहिला की नाही, देव जाणे. हा माझा कल्पनेचा खेळ आहे, तेवढा वाचकांनी पदरात घ्यावा.

पाचगणीत तो सात-आठ वर्षे राहिला. सुट्टीत मुंबईला आत्याकडे, मावशीकडे. झांजिबारला जाणे क्वचितच, कारण घर म्हणजे बोटीचा कितीतरी दिवसांचा प्रवास. फरोखचा फ्रेडी झाला तो इथेच, मित्रांच्या तोंडी. वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. त्यावरून चिडवणारी पोरे जगातल्या सगळ्या वसतिगृहांत असतात, तशी इथेही होती. पुढे पैसा मिळाला तरी त्याने ते दात नीट करून घेतले नाहीत. आवाज बिघडेल ही भीती. तो टेबल टेनिस उत्तम खेळे, चित्रे काढी. वडिलांसारखा पोस्टाची तिकिटेही जमवी. त्याचा तो तिकिटांचा आल्बम आज लंडनच्या पोस्टल म्युझियमच्या संग्रहात आहे.

आणि पियानो. मुलाला कान आहे हे शाळेच्या लक्षात आले आणि जादा फी भरून त्याला शिकवणी लागली. त्याने चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा दिल्या. १९५८ च्या सुमारास पाच मुलांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. गंमत म्हणजे त्यात मुख्य गाणारा वेगळाच होता. आमचा नायक मागे पियानोवर. रेडिओवर एकदा ऐकलेले गाणे तो बसल्या बैठकीला वाजवून दाखवी, असे त्याचे सोबती सांगत आले आहेत. अभ्यासात मात्र शेवटी घसरगुंडी झाली आणि १९६३ मध्ये तो झांजिबारला आईवडिलांकडे परतला.

घर लाभले ते जेमतेम वर्षभर. जानेवारी १९६४ मध्ये झांजिबारमध्ये क्रांती झाली, सुलतान परागंदा झाला, हजारो अरब आणि भारतीय मारले गेले किंवा देशोधडीला लागले. बुलसारा कुटुंब हाती लागेल ते घेऊन इंग्लंडला निघाले आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळ, फेल्टममध्ये, एका छोट्या घरात राहू लागले. सतरा वर्षांच्या मुलाने त्याच विमानतळावर सामान उचलण्याचे काम केले, ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक कलेची पदविका घेतली, केन्सिंग्टनच्या बाजारात रॉजर टेलर या मित्राबरोबर जुन्या कपड्यांचा ठेला टाकला. १९७० मध्ये टेलर आणि ब्रायन मे यांच्या मोडकळीस आलेल्या बँडमध्ये तो शिरला, त्याला ‘क्वीन’ हे नाव दिले आणि स्वतःचे आडनाव टाकून मर्क्युरी झाला. पुढच्या वर्षी जॉन डीकन आला आणि चौकडी पुरी झाली. बँडचे राजचिन्हही त्यानेच काढले, चौघांच्या राशींची चिन्हे घेऊन. राशी काही सुटली नाही!

१९७५ च्या ‘बोहेमियन रॅप्सडी’ने या चौघांना जगभर नेले. जवळजवळ सहा मिनिटांचे गाणे, मध्येच ऑपेरासारखा भाग, ठरावीक ध्रुवपद नाही. रेडिओवर एवढे लांब गाणे कोण लावणार, असे जाणकार म्हणत होते. ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

पण मला विचाराल तर त्याचे खरे मोठेपण ध्वनिमुद्रिकांत नाही, दौऱ्यांत आहे. १९८१ च्या मार्चमध्ये ब्राझीलच्या साव पावलो शहरात लाखाहून अधिक माणसे त्याच्यासमोर होती. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर ‘लाइव्ह एड’ झाले, तेव्हा क्वीनच्या वाट्याला वीसेक मिनिटे आली. अर्ध्या दांड्याचा माइक हातात घेऊन हा माणूस एक तान फेकतो आणि बहात्तर हजार माणसे ती जशीच्या तशी परत करतात. पुढची तान जरा अवघड, तीही परत येते. चित्रफीत पाहताना मला आमच्या देवळातला भजनाचा फड आठवतो. बुवा पुढे, झीलकरी मागे, आणि बुवांचे लक्ष खांबाआडच्या माणसाकडे. तोही गायला पाहिजे. कोणी अनोळखी उरता कामा नये, ही धडपड कदाचित आठव्या वर्षी अनोळखी खोलीत झोपलेल्या माणसालाच कळत असेल.

दुसऱ्या वर्षीचा ‘मॅजिक टूर’ हा त्याचा शेवटचा दौरा. ७ जून १९८६ ला स्टॉकहोमला सुरुवात, युरोपात सव्वीस मैफली. त्यातली २७ जुलैची बुडापेस्टची मैफल मला सगळ्यांत प्रिय आहे. हंगेरी तेव्हा पोलादी पडद्याआड होता, पाश्चात्त्य बँडची एवढी मोठी मैफल तिथे अपूर्वाईची. फ्रेडीने मध्येच एक हंगेरियन लोकगीत धरले. भाषा येत नाही, म्हणून शब्द तळहातावर लिहून आणलेले. ओळीगणिक हाताकडे पाहतो आणि गातो. पाहुण्याने आपल्या घरची ओवी म्हणावी तसे झाले ते. मैदान त्याच्याबरोबर गाऊ लागले. ९ ऑगस्टला इंग्लंडमधल्या नेबवर्थ येथे दौरा संपला. त्यानंतर चौघे मिळून मैफलीसाठी रंगमंचावर पुन्हा कधी उभे राहिले नाहीत.

सगळेच गोड नव्हते. १९८४ मध्ये क्वीनने दक्षिण आफ्रिकेत सन सिटी येथे कार्यक्रम केले. वर्णद्वेषी राजवटीवर कलावंतांचा बहिष्कार असताना केलेला हा दौरा. तिकडे वादकांच्या संघटनेने दंड केला, संयुक्त राष्ट्रांच्या यादीत नाव गेले. आफ्रिकेच्या काठावर जन्मलेल्या, स्वतः निर्वासित झालेल्या माणसाकडून हे व्हावे, हे मला आजही पटत नाही. आणि भारतात त्याने एकदाही मैफल केली नाही. मुलाखतीतही पाचगणीचा किंवा झांजिबारचा विषय तो टाळायचा. आपल्याकडे हल्ली तो आमचा, आमचा असे कौतुकाने म्हणतात, पण तो तसे म्हणत नव्हता, हेही सांगितले पाहिजे. सत्तर सालच्या लंडनमध्ये पाकी म्हणून हिणवले जाण्याचे दिवस होते. रॉकचा राजा व्हायला निघालेल्या पोराने बुलसारा हे नाव घरी, आईजवळ ठेवले. आईकडे जेवायला मात्र जात राहिला.

झाकण्याची हीच सवय शेवटी आजारातही दिसली. तरुणपणी मेरी ऑस्टिन ही त्याची सहचरी होती आणि पुढे आयुष्यभराची जिवलग मैत्रीण. शेवटची वर्षे तो जिम हटन या जोडीदाराबरोबर राहिला. १९८७ मध्ये एड्सचे निदान झाले. बातमी अगदी जवळच्या माणसांपुरती ठेवून तो गात राहिला. माँसेरात काबाये या ऑपेरा गायिकेबरोबर त्याने ‘बार्सिलोना’ केले, बँडबरोबर आणखी ध्वनिमुद्रिका केल्या. उभे राहवत नसतानाही ध्वनिमुद्रण चालू होते. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने निवेदन काढून आजाराचे नाव जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केन्सिंग्टनच्या घरी तो गेला. वय पंचेचाळीस. अंत्यविधी पारशी दस्तुरांनी केले. नाव बदलले तरी शेवटच्या प्रार्थना बुलसारांच्याच होत्या.

आता दादाचे. १९९३ मध्ये तो बोटीवरून कायमचा परतला. छातीचा आजार, असे घरच्यांनी सांगितले. आळीला जे समजायचे ते समजले. त्या दिवसांत या रोगाबद्दल आपण काय काय बोलत होतो ते आठवले की शरम वाटते. कप वेगळा, ताट वेगळे, विहिरीवर कुजबुज. मी तेव्हा अलिबागला नोकरीला होतो, शनिवारी घरी यायचो. शिकलेला होतो, स्पर्शाने काही होत नाही हे वर्तमानपत्रात वाचलेले होते. तरी त्याच्या ओटीची पायरी चढलो नाही. रस्त्याने जाताना टू-इन-वनचा आवाज ऐकू यायचा. तीच कॅसेट. दुसऱ्या वर्षी आषाढात तो गेला. मी पावसाचे निमित्त सांगून अलिबागलाच राहिलो.

मध्यंतरी पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, पाचगणीला जाणे झाले. शाळेच्या फाटकाशी दोन तरुण मुली छायाचित्र काढून घेत होत्या. दादाला हे दाखवायला हवे होते, असे वाटले. परत आल्यावर, गेल्या नोव्हेंबरात, त्याच्या आईकडे गेलो. नव्वदीकडे झुकलेली म्हातारी, दृष्टी अधू, कान शाबूत. दादा ज्याची गाणी लावायचा तो गाणारा कोण होता, कुठे शिकला, कशाने गेला, सगळे तिला सांगितले. आजाराचे नाव त्या घरात मी पहिल्यांदा उच्चारले. तिला ते ठाऊक होते. पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, म्हणाली. विचारायला कोणी आले नाही, म्हणून सांगितले नाही.

मग तिने विचारले, त्याची आई होती का तेव्हा. मी म्हटले, होती. वडील २००३ मध्ये गेले, आई २०१६ मध्ये, चौऱ्याण्णव वर्षांची होऊन. म्हातारीने बोटांवर हिशेब केला. मुलामागे पंचवीस वर्षे, असे स्वतःशीच पुटपुटली आणि भिंतीचा आधार घेत चहा ठेवायला आत गेली.