डाव्या हाताची लेखणी

मित्रहो, महात्मा जोतिराव फुले म्हटलं की आपल्याला काय आठवतं? भिडे वाड्यातली मुलींची शाळा, सत्यशोधक समाज आणि परीक्षेतली पाच मार्कांची टीप! शाळेत आपण सगळ्यांनी त्यांच्यावर निबंध लिहिलेत, ११ एप्रिलला फोटोला हार घातलेत. पण त्यांच्या आयुष्याची शेवटची अडीच वर्षं आपल्या पुस्तकांत दोन ओळींत संपतात. मला आज त्या दोन ओळींविषयीच लिहायचंय. कारण त्या दोन ओळींत अर्धांगवायू झालेला एक माणूस आहे, त्याची सेवा करणारी बायको आहे, शिकत असलेला मुलगा आहे, पैशांची चणचण आहे आणि एक अपुरं राहिलेलं काम आहे. आपल्या महाड-पोलादपूरच्या कितीतरी घरांत आज अगदी हेच चित्र असेल.

जोतिरावांचा जन्म १८२७ सालचा, पुण्यातला. मूळ घराणं साताऱ्याकडच्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. फुलांच्या धंद्यामुळे पुढे फुले झालं. आई लहानपणीच गेली, सगुणाबाईंनी सांभाळलं. शिक्षण मध्येच सुटलं, पुन्हा सुरू झालं आणि १८४७ मध्ये स्कॉटिश मिशनच्या शाळेतून पूर्ण झालं. लहुजीबुवा वस्तादांच्या तालमीत ते दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. म्हणजे अंगात रग होती, हातात ताकद होती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे याच अंगाने त्यांना दगा दिला.

१८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. लोक खवळले. पुढच्याच वर्षी वडिलांनी घराबाहेर काढलं, सावित्रीबाई बरोबर निघाल्या. तिथून चाळीस वर्षं हा माणूस थांबलाच नाही. १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह, १८६८ मध्ये स्वतःच्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला, १८७३ मध्ये 'गुलामगिरी' आणि त्याच वर्षी सत्यशोधक समाज, १८७६ पासून पुण्याच्या नगरपालिकेत सभासद, १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन, १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड'.

आणि आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांना आवडेल अशी एक गोष्ट. जोतिराव कंत्राटदार होते! कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासल्याचं धरण अशा कामांशी त्यांचं नाव जोडलं जातं. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये पाणी अडवायचं कसं, माती वाहून जाऊ नये म्हणून बांध कुठे घालायचे, याचा विचार त्यांनी केलाय. पाऊस पडतो ढीगभर आणि मे महिन्यात टँकरची वाट बघायची, हे आपल्या डोंगरातलं दुखणं ज्याला माहीत आहे त्याने तो भाग जरूर वाचावा. समाजकार्य करायचं तर स्वतःच्या कमाईवर, हा त्यांचा बाणा होता. त्यामुळे मिळवलं पुष्कळ आणि साठलं काहीच नाही.

आता १८८८ साल बघा. मार्च महिन्यात पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटसाठी मेजवानी होती. तिथे जोतिराव मुद्दाम गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि खरा हिंदुस्थान दागिन्यांनी मढलेल्या पाहुण्यांत नाही, खेड्यात आहे असं सुनावून आले. ११ मे रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात मोठी सभा भरली आणि लोकांनी त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली. चाळीस वर्षांच्या कष्टाचं चीज झालं. आणि त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, जुलैमध्ये, अर्धांगवायूचा झटका आला. वय एकसष्ट. शरीराची उजवी बाजू लुळी पडली.

उजवी बाजू! म्हणजे उजवा हात. ज्या हाताने चाळीस वर्षं लिहिलं तोच गेला. आणि नेमकं तेव्हाच एक मोठं पुस्तक हातात होतं, 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक'. आयुष्यभर जे सांगितलं त्याचं सार त्यात यायचं होतं. सगळी माणसं एकाच निर्मिकाची लेकरं, स्त्री आणि पुरुष समान, एकाच घरात वेगवेगळ्या धर्माची माणसं प्रेमाने नांदू शकतात, हे सगळं त्यात सांगायचं होतं.

अशा वेळी आपण काय म्हटलं असतं? आता पुरे झालं, देवाने इतकं करून घेतलं, आता आराम करा! आजूबाजूचे हेच म्हणतात, प्रेमानेच म्हणतात. पण जोतिराव डाव्या हाताने लिहायला शिकले. जरा करून बघा. आपली सही डाव्या हाताने करा, म्हणजे कळेल. अक्षर वाकडंतिकडं येतं, ओळ वर चढते, दोन मिनिटांत चिडचिड होते. एकसष्टाव्या वर्षी, आजारी शरीराने, त्यांनी पहिलीतल्या पोरासारखी नव्याने सुरुवात केली. आणि १८८९ च्या एप्रिलमध्ये पुस्तक पूर्ण केलं. झटक्यानंतर अवघ्या नऊ महिन्यांत!

या पुस्तकाची मांडणी प्रश्नोत्तरांची आहे. प्रश्न विचारणाऱ्यांत त्यांचा मुलगा यशवंतही आहे. मला हे फार हृद्य वाटतं. मधल्या काळात, फेब्रुवारी १८८९ मध्ये, याच यशवंताचं लग्नही त्यांनी सत्यशोधक पद्धतीने लावून दिलं. हडपसरच्या ससाणे यांची मुलगी सून म्हणून घरात आली. दुखणं घरात होतं, तरी घर थांबलं नव्हतं.

आता सावित्रीबाईंकडे वळू. पेशंटविषयी सगळे विचारतात, पेशंटला सांभाळणाऱ्या बाईविषयी कोण विचारतं? सावित्रीबाई तेव्हा सत्तावन्न वर्षांच्या होत्या. नवऱ्याची शुश्रूषा, मुलाचं शिक्षण, येणारेजाणारे, समाजाचं काम आणि रिकामा होत चाललेला डबा, सगळं त्यांच्यावर आलं. पण त्या एकट्या पडल्या नाहीत, हे महत्त्वाचं. डॉ. विश्राम रामजी घोले हे शिकलेले सर्जन आणि सत्यशोधक समाजातले सहकारी. त्यांनी उपचार केले. मामा परमानंदांनी १८९० मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना पत्र लिहून या कुटुंबाला मदत करण्याची विनंती केली. मदत घेण्यात कमीपणा नसतो, हे या घरानेच आपल्याला शिकवलं.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं धरून सावित्रीबाई पुढे चालल्या. त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट! पुस्तक १८९१ मध्ये छापून बाहेर आलं, ते यशवंताने काढलं. हा यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई त्याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करत होत्या, आणि त्या सेवेतच प्लेग होऊन १० मार्चला त्यांचं निधन झालं.

यात आपल्या महाडचा काय संबंध, असं कुणी विचारेल. आहे ना! महाड तालुक्यातल्या रायगडावर ज्या राजाची समाधी आहे, त्या शिवरायांवर जोतिरावांनी १८६९ मध्ये पोवाडा रचला. आणि महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले, जोतिरावांच्या विचारांनी भारावलेले. त्यांनी 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक काढलं ते १८८८ मध्येच. म्हणजे तिकडे पुण्यात गुरू अंथरुणाला खिळला आणि इकडे त्याच वर्षी त्याचा विचार पुस्तक होऊन उभा राहिला. पुढे १८९५ मध्ये वलंगकर महाडच्या लोकल बोर्डावर आले. आणि २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. बाबासाहेब जोतिरावांना गुरू मानत. पुण्यातल्या त्या हौदापासून आपल्या तळ्यापर्यंत पाण्याची ही एकच वाट आहे. माणसाचं अर्धं अंग थांबलं म्हणून काम थांबत नाही, याचा याहून मोठा पुरावा कुठला?

आता हे सगळं मी का शोधत बसले ते सांगते. आमचे आबा पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या गावात राहतात. भातशेती, नाचणी, दोन म्हशी. दोन वर्षांपूर्वी लावणीच्या दिवसांत त्यांच्या अंगावरून वारं गेलं. आमच्याकडे असंच म्हणतात. उजवा हात आणि पाय गेला, बोलणं अडखळलं. जीव वाचला, पण घरी आल्यावर आबा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवण नको, व्यायाम नको, कुणी भेटायला आलं तर डोळे मिटून घ्यायचे. आणि आजी? तिला रात्री झोप नाही, कंबर धरलेली, तरी तोंडातून शब्द नाही. तेव्हा लायब्ररीतून आणलेलं जोतिरावांचं चरित्र मी सुट्टीत रोज संध्याकाळी आबांना वाचून दाखवू लागले. डाव्या हाताचा भाग आला त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी आजीच्या हातातला चमचा डाव्या हाताने काढून घेतला. निम्मी पेज अंगावर सांडली. आजी रडत होती आणि हसतही होती. आज आबा काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. उजवा हात अजून पूर्ण उघडत नाही. पण विळा नाही तर नाही, म्हशींना हाक मारायचं काम त्यांनी परत घेतलंय!

हे चमत्काराने होत नाही, त्यामागे शास्त्र आहे. मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो, बहुतेक वेळा गुठळीने, कधी रक्तवाहिनी फुटून. डावा मेंदू उजवं अंग चालवतो, म्हणून डावीकडे इजा झाली की उजवी बाजू जाते. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण शेजारच्या पेशी नवे जोड तयार करतात. पावसात दरड कोसळून वरंधा घाट बंद झाला की पुण्याची गाडी ताम्हिणीने जातेच ना? वाट लांबची, वेळ जास्त, पण पोचते. मेंदूही अशीच दुसरी वाट काढतो. फक्त त्या वाटेवर रोज चालावं लागतं, म्हणजे तीच हालचाल दिवसातून शेकडो वेळा करावी लागते. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, नंतर हळूहळू. पण थांबते असं नाही.

म्हणून माझ्या गाववाल्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, बोलणं बोबडं झालं, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी घड्याळ बघा आणि १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सी.टी. स्कॅन लागतो. कुडपणसारख्या गावातून खाली उतरायलाच वेळ जातो, तेव्हा अंगारा, तेलमालीश, कबुतराचं रक्त यांत एक मिनिटही घालवू नका. जोतिरावांनीसुद्धा शिकलेला डॉक्टरच बोलावला होता! गिळता येतं की नाही हे तपासल्याशिवाय तोंडात पाणी घालू नका. लुळा हात धरून माणसाला ओढून उठवू नका, खांदा निखळतो. पडून असलेल्याची कूस दर दोन तासांनी बदला. ब्लडप्रेशरची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करू नका. आणि पेशंट सतत उदास असेल तर तो हट्टीपणा समजू नका, तोही या आजाराचाच भाग असू शकतो. डॉक्टरांना सांगा, त्यावरही उपाय आहे.

आणि सांभाळणाऱ्या माउलीला आठवड्यातून एक दिवस तरी सुट्टी द्या. भावाने, जावेने, नातवाने एक रात्र जागून काढावी. तिची कंबर गेली तर दोघंही अंथरुणाला खिळतील.

मित्रहो, आपण एका बॅकलॉगने खचतो, एका इंटरव्ह्यूत नापास झालो की आठवडाभर तोंड लपवतो. अशा वेळी एकसष्ट वर्षांचा तो माणूस आठवा. पदवी मिळाली, सत्कार झाले, आणि त्यानंतर त्याने डाव्या हातात लेखणी धरून पुन्हा अक्षरं गिरवली. त्याच्या शेजारी ती खंबीर बाई उभी होती. तिचंच नाव असलेली सावित्री नदी महाबळेश्वरहून उतरून पोलादपूर, महाड करत खाली जाते. उन्हाळ्यात तिची धार बारीक होते, दगडांतून वाट काढत राहते. तुमच्या घरात, शेजारात कुणाच्या अंगावरून वारं गेलं असेल तर या रविवारी त्याच्याकडे जाऊन या. नुसतं कसं वाटतंय विचारून परत येऊ नका. त्याच्या चालत्या हातात काहीतरी काम द्या!

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी