सुपर कॉम्प्युटर लहान करायला निघालेला सेमूर क्रे लहान चिप्समुळेच मागे पडला

तुमच्या हातातला मोबाईल आज जेवढी आकडेमोड करतो, त्याच्या जवळपासही १९७६ सालचा जगातला सगळ्यात वेगवान कॉम्प्युटर जात नव्हता. त्याचं नाव क्रे-१, वजन साडेपाच टन. आणि तो बनवणारा गडी म्हणजे सेमूर क्रे.

क्रेचा जन्म १९२५ चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या चिपेवा फॉल्स या छोट्या गावातला. दुसऱ्या महायुद्धात रेडिओ ऑपरेटर, मग मिनेसोटा विद्यापीठातून इंजिनिअर. १९६४ मध्ये त्याने सीडीसी ६६०० आणला आणि बलाढ्य आयबीएमची झोप उडाली. क्रेची टीम किती? जेमतेम ३४ जण, तेही सफाई कामगाराला धरून!

त्याचं गणित सरळ होतं. सिग्नल एका नॅनोसेकंदात फूटभरही जात नाही. म्हणजे वायर जेवढी लांब, तेवढं मशीन स्लो. म्हणून क्रे-१ इंग्रजी सी अक्षरासारखा वळवलेला, आणि आतली एकही वायर चार फुटांच्या वर नाही. पण सगळं असं दाटीवाटीने भरलं की मशीन तापणारच. त्यावर क्रेचा उपाय बघा, १९८५ च्या क्रे-२ मध्ये त्याने सर्किटच द्रवात बुडवून टाकली.

क्रे-३ साठी त्याने सिलिकॉन सोडून गॅलियम आर्सेनाइड धरलं. मशीनचा मुख्य भाग टेबलावर मावेल एवढा झाला, पण पैसा आणि वेळ दोन्ही हाताबाहेर गेले.

तोवर जग बदललं होतं. भारताला हवा तेवढा ताकदवान क्रे द्यायला अमेरिकेने नकार दिला होता. तेव्हा पुण्याच्या सी-डॅकने बाजारात मिळणाऱ्या छोट्या प्रोसेसरची फौज एकत्र जोडली आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. क्रेला हीच पद्धत वर्षानुवर्षं पटत नव्हती. त्याला मोजके पण दणकट प्रोसेसर हवे असायचे. इकडे डेस्कवरच्या कॉम्प्युटरमधल्या स्वस्त चिप्स दरवर्षी वेगवान होत होत्या, शीतयुद्ध संपल्याने सरकारी गिऱ्हाईकही आटलं. १९९५ मध्ये क्रेची कंपनी दिवाळखोरीत गेली.

गडी सत्तरीत होता, तरी १९९६ मध्ये त्याने नवी कंपनी काढली. यावेळी मात्र अनेक प्रोसेसर जोडण्याचीच वाट धरली. त्याच सप्टेंबरमध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळ त्याच्या जीपला अपघात झाला. ५ ऑक्टोबरला तो गेला, नवं मशीन कागदावरच असताना.