जांबेचा नारायण आणि हिमालयाची वाट

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. समर्थांचे म्हणून आता त्याला जांब समर्थ म्हणतात. बँकेच्या नोकरीत असताना पीककर्जाच्या कामासाठी त्या भागात मी जीपने पुष्कळ हिंडलो. काळी जमीन, कपाशी, तूर, कालव्याचे पाणी पोचले तिथे ऊस, आणि दक्षिणेला गोदावरीचे पात्र. नजर अडेल असा डोंगर कुठे नाही. अशा सपाट मुलखातला एक मुलगा पुढे जन्मभर कड्याकपारींत रमला, घळींत राहिला आणि डोंगरी किल्ल्यावर त्याने देह ठेवला, याचे मला तेव्हापासून कुतूहल होते.

मुलाचे नाव नारायण. सूर्याजीपंत ठोसर हे जांबेचे कुलकर्णी, आई राणूबाई. शके १५३०, म्हणजे १६०८ साली, रामनवमीच्या दिवशी त्याचा जन्म झाला. थोरला भाऊ गंगाधर. वडील लवकर गेले आणि घराचा भार आईवर व या थोरल्या भावावर आला. पुढची गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला पाठ आहे. बाराव्या वर्षी आसनगावला लग्न ठरले, अंतरपाट धरला गेला, भटजींनी सावधान म्हटले आणि नवरा मुलगा मांडवातून पळाला. कीर्तनात हा प्रसंग रंगवून सांगतात, लोक हसतात. अंतरपाटाच्या पलीकडे एक लहान मुलगी उभी होती, तिच्याकडे कुणी फारसे पाहत नाही. असो.

तो गेला नाशिकला. आज रस्त्याने जायचे तर दोनशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. पैठण, टोके, पुणतांबे, कोपरगाव ही गोदाकाठची गावे. त्याने नदीचाच हात धरला असावा असे मला वाटते, कारण एकट्या पोराला पंचवटीची वाट दाखवील असा दुसरा भरवशाचा सोबती नव्हता. नाशिकजवळ टाकळीला, नंदिनी आणि गोदावरीच्या संगमापाशी, त्याने बारा वर्षे काढली. पहाटेपासून पाण्यात उभे राहून जप, दुपारी माधुकरी, नंतर ग्रंथांचे वाचन. नमस्कारांनी कमावलेले शरीर हीही टाकळीचीच शिदोरी. नारायणाचा रामदास तिथे झाला.

१६३२ साली ते देशाटनाला निघाले. त्याआधीची दोन वर्षे दख्खनमध्ये भयंकर दुष्काळाची होती. गावे ओस पडली होती, माणसे पोटासाठी मुलूख सोडून जात होती, आणि वरून निजामशाही, आदिलशाही व मोगलांच्या फौजा शेते तुडवीत होत्या. चोवीस वर्षांच्या या तरुणाने तीर्थे पाहिली तशी ही उजाड गावेही पाहिली. पुढे त्यांच्या लेखनात प्रपंचाविषयी, राजकारणाविषयी जो रोखठोकपणा आला, त्याचे मूळ मला या पायपिटीत दिसते. परमार्थाच्या ग्रंथात अक्षर कसे काढावे, माणसे कशी ओळखावीत, हे सांगणारा संत घरात बसून तयार होत नाही.

या बारा वर्षांत ते बदरी-केदारला गेले असे चरित्रकार सांगतात. म्हणजे काय, हे मला निवृत्तीनंतर कळले. आम्ही काही मंडळी गढवालमध्ये सात दिवसांच्या पदभ्रमणाला गेलो होतो. देवरिया ताल, चोपता, तुंगनाथ आणि वर चंद्रशिला. पुढे वाटाड्या, मागे खेचरांवर तंबू आणि शिधा. वाटाड्या बोलायचा कमी, पण ढगांकडे बघून आम्हाला लवकर उठवायचा, कुणाला धाप लागली की बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने स्वतःच थांबायचा. केदारनाथहून बदरीनाथला पायी जाणाऱ्या जुन्या यात्रेकरूंची वाट उखीमठावरून याच मुलखातून जाई. मुक्कामाच्या जागांना तिकडे चट्टी म्हणत. तुंगनाथ साडेतीन हजार मीटरच्याही वर आहे. तिथे लोकरीच्या टोपीत, हातात काठी घेऊन मी दर वीस पावलांवर उभा राहत होतो.

चंद्रशिलेवर सूर्य उगवला तेव्हा एका अंगाला केदारची शिखरे दिसली, दुसरीकडे चौखंबा. बदरीनाथ त्याच्या पलीकडे, हे वाटाड्याने बोटाने दाखवले. मला वाटले, जांबेच्या माणसाने हे पहिल्यांदा पाहिले असेल तेव्हा त्याला कोणी बोट दाखवले असेल? कुबडी, कमंडलू आणि अंगावर एक छाटी. नकाशा नाही, भाषा वेगळी. वाट विचारायची ती पुढच्या चट्टीपर्यंतची. केदारनाथ तर आजही गौरीकुंडापासून दिवसाची चढण आहे, आणि २०१३ च्या जूनमधल्या पुराने जुनी वाटच वाहून नेल्यावर ती आणखी लांबली.

या प्रवासात गढवालमधल्या श्रीनगरला समर्थांची आणि शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांची भेट झाली, अशी शीख परंपरा सांगते. कमरेला शस्त्र लावून घोड्यावर बसणारा गुरू पाहून या बैराग्याला नवल वाटले, असा तिचा आशय. सगळ्या अभ्यासकांना ती मान्य नाही. पण पुढे गावोगाव मारुती आणि बलोपासना यांचा आग्रह धरणाऱ्या माणसाच्या आयुष्यात ही गोष्ट शोभून दिसते, एवढे खरे.

आता जांबेकडे वळू. देशाटन संपवून समर्थ १६४४ च्या सुमारास पैठणवरून गावी आले. मांडव सोडून चोवीस वर्षे झाली होती. दारात उभ्या राहिलेल्या गोसाव्याला आईने आवाजावरून ओळखले, कारण तिची दृष्टी गेली होती. मुलाच्या हाताच्या स्पर्शाने ती परत आली, असे भाविक सांगतात. मी मात्र त्या चमत्कारापेक्षा त्याआधीच्या चोवीस वर्षांशी थबकतो. आम्ही गढवालमध्ये रोज संध्याकाळी रेंज शोधत घरी फोन करत होतो. राणूबाईंना मुलगा जिवंत आहे की नाही, याचा निरोप आणणारे कोण होते? त्या पायपिटीची किंमत जांबेत एक बाई मोजत होती. घर, शेती, देवघर थोरल्या गंगाधरांनी सांभाळले. त्यांना श्रेष्ठ म्हणतात, आणि ते नाव उगीच पडलेले नाही.

समर्थ घरी राहिले नाहीत. कृष्णेच्या खोऱ्यात गेले. चाफळला रामाचे देऊळ, आसपासच्या गावांत अकरा मारुती, आणि राहायला सह्याद्रीच्या घळी: चाफळजवळची, हेळवाकची, महाडकडची शिवथरची. शिवथरच्या घळीत, धबधब्याच्या आवाजात दासबोध सांगितला गेला. ही जागा लोक विसरून गेले होते. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी ती १९३० साली शोधून काढली. शिवाजी महाराजांची आणि समर्थांची पहिली भेट केव्हा झाली, या वादात मला शिरायचे नाही. परळीचा किल्ला समर्थांना राहायला मिळाला आणि त्याचा सज्जनगड झाला, हे पुरे.

शके १६०३ च्या माघात, म्हणजे १६८२ च्या जानेवारीत, समर्थांना गड उतरणे शक्य नव्हते. तंजावरला घडवलेल्या राम, लक्ष्मण, सीता आणि मारुतीच्या मूर्ती त्या दिवसांत गडावर पोचल्या. त्या एका आंधळ्या कारागिराने घडवल्या, असे सांगतात. समर्थांनी स्वतः त्यांची पूजा केली. चार दिवसांनी, माघ वद्य नवमीला, त्या मूर्तींसमोर त्यांनी देह ठेवला.