प्लेगच्या लशीचे जनक वाल्डेमार हाफकिन

मुंबईस परळ येथें हाफकिन इन्स्टिट्यूट नांवाची जी संस्था आहे, ती आपल्या वाचकांपैकीं कित्येकांना सर्पदंशावरील औषधामुळें ठाऊक असेल. परंतु हें नांव कोणाचें, असें वर्गांत विचारलें असतां उत्तर क्वचित् मिळतें, आणि मिळालें तर हा कोणी इंग्रज साहेब असावा असें मिळतें. हाफकिन हे इंग्रज नव्हते. त्यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजीं रशियन साम्राज्यांतील ओडेसा शहरीं एका यहुदी कुटुंबांत झाला. तेथील विद्यापीठांत मेचनिकॉफ या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखालीं त्यांनीं प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. बुद्धि असामान्य, पण यहुदी असल्यामुळें अध्यापकाची जागा त्यांना मिळेना. धर्मांतर केलें असतें तर मार्ग मोकळा झाला असता. तें त्यांनीं केलें नाहीं. मी स्वतः ख्रिस्ती असून सांगतों कीं, नोकरीसाठीं घेतलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. या बाबतींत त्यांचेंच बरोबर होतें.

पुढें ते जिनीव्हास व तेथून १८८९ सालीं पॅरिसला गेले. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्यें त्यांना काम मिळालें तें ग्रंथालयांतलें. पुस्तकें सांभाळून उरलेल्या वेळांत त्यांनीं पटकीची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजीं ती प्रथम स्वतःच्याच अंगांत टोंचून घेतली. १८९३ सालीं ते हिंदुस्थानांत आले आणि दोन-अडीच वर्षें उत्तरेकडील गांवोगांव हिंडून हजारों लोकांना त्यांनीं ती लस दिली. शेवटीं हिंवतापानें शरीर खचलें तेव्हां त्यांना कांहीं काळ युरोपांत परतावें लागलें.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. व्हिएगास यांना प्लेगचा रोगी आढळला. ऑक्टोबरांत सरकारनें हाफकिन यांना मुंबईस पाठविलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांत एक खोली व एक पडवी, एक कारकून व तीन शिपाई, एवढीच त्यांची प्रयोगशाळा. शेळीच्या मांसाच्या रसावर तुपाचे थेंब सोडावयाचे, त्या थेंबांच्या आधारानें प्लेगचे जंतु वाढवावयाचे, आणि मग उष्णतेनें ते मारून त्यांची लस करावयाची, अशी ती रीति होती. गोमांस किंवा डुकराचें मांस वापरलें असतें तर हिंदु किंवा मुसलमान कोणी जवळ उभा राहिला नसता, हें या परदेशी मनुष्यानें ओळखलें होतें. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ही लसही आधीं स्वतःस टोंचून घेतली. ताप आला, अंग दुखलें. तरी काम थांबविलें नाहीं.

परंतु लस तयार होणें एक आणि लोकांनीं ती घेणें दुसरें. मुंबईंत त्या दिवसांत प्लेगपेक्षां अफवा अधिक वेगानें पसरत होत्या. इस्पितळांत नेलेल्या माणसांस मारून त्यांच्या शरीरांतून औषध काढतात, असें लोक खरें मानीत. ऑक्टोबर १८९६ मध्यें आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणीकामगारांनीं हल्लाच केला. पुण्यांत प्लेगच्या तपासणीसाठीं सोजीर घरांत शिरूं लागले, आणि सरकारचें प्रत्येक जाहीर पत्रक लोकांना धमकीसारखें वाटूं लागलें. त्याच पुण्यांत प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतांना १० मार्च १८९७ रोजीं सावित्रीबाई फुले वारल्या. लस ही त्या सोजिरांच्याच हातची वस्तु, अशी समजूत झाली तर त्यांत अशिक्षित लोकांचा फारसा दोष नव्हता. पत्रक काढणाऱ्यावर विश्वास नसला, म्हणजे पत्रकांतील खरी गोष्टही खोटीच वाटते. २०२१ सालीं कोरोनाच्या लशीविषयीं आपल्या मराठवाड्यांतही काय काय बोललें जात होतें, तें आठवावें.

हाफकिन यांचा भर आकड्यांवर होता. बडोदें संस्थानांत उंढेरा नांवाच्या गांवीं १८९८ सालीं त्यांनीं प्रत्येक घरांतील निम्म्या माणसांस लस टोंचली व निम्म्यांस तशीच ठेविलें. म्हणजे चूल एक, पाणी एक, फरक केवळ लशीचा. लस टोंचलेलीं ७१ माणसें होतीं, त्यांपैकीं ८ जणांस प्लेग होऊन ३ मेलीं. न टोंचलेलीं ६४ होतीं, त्यांपैकीं २७ जणांस प्लेग झाला आणि २६ मेलीं. हे आकडे त्यांनीं छापून प्रसिद्ध केले. मुंबईंत तरुण आगाखान यांनीं आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोंचून घेतली व प्रयोगशाळेस आपलें घर दिलें. आकड्यांनीं जें विद्वानांस पटलें, तें या एका कृत्यानें खोजा समाजास पटलें. १८९९ सालीं प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्यें गेली.

आणि मग मुलकोवाल. पंजाबांतील या खेड्यांत ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पांच बाटल्यांतून १०७ जणांना लस दिली गेली. चार बाटल्यांतून ज्यांना दिली तीं सर्व माणसें सुखरूप राहिलीं; पांचवींतून ज्या १९ जणांना दिली, ते सर्वच्या सर्व धनुर्वाताने मेले. बातमी तारेनें देशभर गेली. सरकारनें चौकशीसमिति नेमली. तिचा निष्कर्ष असा कीं, बाटली मुंबईच्या प्रयोगशाळेंतच दूषित झाली असावी. त्यास एक कारणही हातीं लागलें : काम लौकर व्हावें म्हणून हाफकिन यांनीं लशींत कार्बोलिक ॲसिड घालणें सोडून केवळ उष्णतेवर भिस्त ठेविली होती. शास्त्रदृष्ट्या त्यांत गैर नव्हतें, पण ऐकणाऱ्यास तें हयगयीसारखें वाटे. हाफकिन यांस कामावरून दूर करण्यांत आलें आणि १९०४ सालीं त्यांनीं हा देश सोडला.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. वर्तमानपत्राच्या कचेरींत सरकारी कागद येतो तेव्हां संपादकापुढें वेळ थोडा असतो आणि कागदावर शिक्का मोठा असतो. समितीनें असावें म्हटलेलें असतें, पत्रकांत तें आहे होतें, आणि चावडीवर वाचतांना होतेंच असें होतें. आमच्या पोखर्णीस नृसिंहाच्या यात्रेहून परतणारा मनुष्य जशी ऐकीव गोष्ट प्रत्येक मुक्कामास थोडी वाढवीत नेतो, तसेंच हें. फरक इतकाच कीं छापील गोष्टीवर कोणी शंका घेत नाहीं.

शंका घेण्यासारखें मात्र पुष्कळ होतें. ती बाटली भरल्यास ४१ दिवस झाले होते. धनुर्वाताचे जंतु इतके दिवस आंत वाढत असते, तर बाटली उघडतांच दुर्गंधी सुटली असती. तशी ती सुटली नव्हती. शिवाय विष आधींच सांचलेलें असतें तर लक्षणें लगेच दिसलीं असतीं. प्रत्यक्षांत रोगी आजारी पडण्यास बरेच दिवस लागले. आणि बाटलीचें बूच काढतांना मुलकोवाल येथील मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, तो नीट निर्जंतुक न करतां तसाच वापरला गेला, हें जबानींत नमूद होतें. धनुर्वाताचे जंतु मातींतच राहतात, हें आज शाळेंतील मुलांसही ठाऊक आहे. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटनें हा सर्व पुरावा पुन्हां तपासला, तेव्हां दोष मुलकोवालकडेच झुकला.

तरी तीन-चार वर्षें हाफकिन हे पंजाबच्या एकोणीस माणसांचे मारेकरी म्हणूनच लोकांस माहीत होते. १९०७ सालीं डॉ. रोनाल्ड रॉस यांनीं लेखणी उचलली. हे तेच रॉस, ज्यांनीं १८९७ सालीं निजामाच्या राज्यांतील सिकंदराबाद येथें डांसाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु शोधून काढले होते. आपली परभणीही तेव्हां त्याच राज्यांत होती. जुलै १९०७ मध्यें त्यांच्यासह दहा नामांकित शास्त्रज्ञांच्या सह्यांचें पत्र लंडनच्या टाइम्स पत्रांत छापून आलें. हाफकिन यांच्यावरील आरोप सिद्ध झालेला नाहीं, इतकेंच नव्हे तर तो खोडला गेला आहे, असा त्याचा आशय होता. वर्तमानपत्रानें घालविलेली अब्रू वर्तमानपत्रानेंच परत आणावी लागली. पण तें पत्र इंग्रजींत, लंडनला. मुलकोवालच्या बायकापोरांपर्यंत तें केव्हां पोहोंचणार?

१९०७ च्या अखेरीस हाफकिन पुन्हां हिंदुस्थानांत आले. मुंबईची जागा त्यांना मिळाली नाहीं. कलकत्त्यास एका प्रयोगशाळेंत त्यांची नेमणूक झाली, परंतु माणसांवर लशीचे नवे प्रयोग करण्याची मोकळीक मात्र त्यांना पूर्वीसारखी राहिली नाहीं. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं ते निवृत्त होऊन युरोपांत परत गेले. या मुदतींतही मुंबईहून त्यांचीच लस लाखों बाटल्यांनीं देशभर जात होती.

१९२५ सालीं परळच्या प्रयोगशाळेस त्यांचें नांव देण्यांत आलें. २६ ऑक्टोबर १९३० रोजीं स्वित्झर्लंडमधील लोझान येथें, अविवाहित व एकाकी अवस्थेंत, त्यांचें निधन झालें. १९६४ सालीं भारत सरकारनें त्यांचें चित्र असलेलें टपालाचें तिकीट काढलें.