क्लॅरेन्स जॉर्डन : बिनव्याजी घरांचे जनक

घरासाठी कर्ज काढावे आणि पुढे मुद्दलापेक्षा व्याजच डोईजड व्हावे, हा अनुभव आपल्याकडील अनेक कुटुंबांना नवा नाही. गरिबाच्या घरावर व्याज घेऊच नये, या विचाराने घरबांधणीचा प्रयोग मांडणारा एक बाप्टिस्ट उपदेशक अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात होऊन गेला. ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या जगप्रसिद्ध संस्थेचे मूळ ज्या शेतावर रुजले, ते शेत क्लॅरेन्स जॉर्डन यांचे.

२९ जुलै १९१२ रोजी टॉल्बटन या छोट्या गावी एका सधन गोऱ्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घराजवळच तुरुंग होता आणि तेथील बहुतेक कैदी कृष्णवर्णीय असत. गावात प्रार्थनासभा भरल्या असताना तुरुंगाधिकाऱ्याने तल्लीन होऊन प्रभूच्या प्रीतीचे गीत गायिलेले बाल क्लॅरेन्सने ऐकले. त्याच रात्री तुरुंगातून छळल्या जाणाऱ्या एका कैद्याच्या किंकाळ्या ऐकू आल्या आणि छळणारा तोच गायक होता. हा प्रसंग त्यांच्या मनातून पुढे कधीच पुसला गेला नाही.

१९३३ साली त्यांनी जॉर्जिया विद्यापीठातून शेतकीची पदवी घेतली. सैन्यातील अधिकारपदासाठीचे प्रशिक्षणही पूर्ण होत आले होते. परंतु घोड्यावरून पुतळ्यांवर तलवार चालविण्याचा सराव करताना शत्रूवर प्रीती करण्याची शिकवण त्यांना टोचू लागली आणि त्यांनी ते पद नाकारले. पुढे लुईव्हिल येथील धर्मविद्यालयात त्यांनी ग्रीक नव्या कराराचा अभ्यास करून डॉक्टरेट मिळविली. एवढ्या विद्वत्तेवर त्यांना एखाद्या विद्यालयात सुखाने अध्यापन करता आले असते. त्यांनी नांगर धरला.

१९४२ साली पत्नी फ्लॉरेन्स आणि ब्रह्मदेशात मिशनकार्य केलेले इंग्लंड दांपत्य यांच्यासह त्यांनी अमेरिकस या शहराजवळ ४४० एकर जमीन घेतली. तिला नाव दिले ‘कोइनोनिया’. प्रेषितांच्या काळातील विश्वासूंच्या सहभागितेसाठी नव्या करारात आलेला हा ग्रीक शब्द आहे. गोरे आणि काळे तेथे एकाच मेजावर जेवत आणि सारखी मजुरी घेत. त्या काळच्या जॉर्जियात हा अक्षम्य अपराध होता. १९५० साली कोइनोनियाच्या मंडळींनी एका भारतीय विद्यार्थ्याला आपल्याबरोबर उपासनेस नेले. त्याची सावळी कांती पाहून तेथील मंडळी बिथरली आणि त्यांनी जॉर्डन व त्यांच्या सहकाऱ्यांना चर्चच्या सभासदत्वातून काढून टाकले. आपल्या देशातील एका तरुणाच्या वर्णावरून हे घडले, हे वाचताना मन खिन्न होते. पण जातीपातीच्या ओळी आपल्याही मंदिरांत कधीकाळी होत्या, हे विसरून कसे चालेल?

१९५६ पासून छळ उघड सुरू झाला. गावातील दुकानदारांनी बियाणे, खत, इंधन देणे बंद केले. विमा रद्द झाला. रस्त्याकाठचे त्यांचे विक्रीकेंद्र स्फोटाने उडविले गेले. घरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. १९५७ च्या पवित्र सप्ताहाच्या सुमारास कॅथलिक कामगार चळवळीच्या डोरोथी डे तेथे राहावयास गेल्या आणि रात्रीच्या पहाऱ्यावर बसल्या असता त्यांच्याही गाडीवर गोळीबार झाला. अक्रोडासारखी पेकान फळे टपालाने दूरच्या ग्राहकांना विकून कोइनोनियाने कसेबसे पोट भरले. तरीही माणसे गळत गेली. १९६८ च्या सुमारास तेथे दोनच कुटुंबे उरली होती.

त्याच वर्षी मिलर्ड फुलर हे पुन्हा तेथे आले. अलाबामातील या तरुण लक्षाधीशाने आपली संपत्ती दान करून टाकली होती. दोघांनी आणि त्यांच्या मित्रांनी भोवतालच्या शेतमजुरांच्या झोपड्यांकडे पाहिले. मोडक्या फळ्या, गळके छप्पर, आत पाणी नाही. जॉर्डन यांचे म्हणणे असे की, गरिबाला भीक नको, भांडवल हवे. आणि श्रीमंतालाही आपली संपत्ती न्याय्य रीतीने वाटून घेण्याचा मार्ग हवा. म्हणून ‘मानवतेसाठी निधी’ उभारण्यात आला. त्यात देणग्या आणि बिनव्याजी ठेवी येत. शेताच्या एका भागात अर्ध्या अर्ध्या एकराचे ४२ भूखंड आखण्यात आले. घराची किंमत सुमारे ६,००० डॉलर होती. नफा नाही, व्याज नाही, फेड २० वर्षांत. म्हणजे महिन्याला २५ डॉलर. हेच कर्ज शेकडा ६ व्याजाने घेतले असते, तर महिन्याला सुमारे ४३ डॉलर आणि एकूण १०,००० हून अधिक भरावे लागले असते. शेतमजुराच्या बाबतीत हा फरक म्हणजे घर मिळणे आणि न मिळणे एवढा होता. शिवाय परत आलेला प्रत्येक हप्ता पुढील घराच्या पायात जाई. गरिबाकडून व्याज घेऊ नये ही आज्ञा निर्गम ग्रंथाच्या २२ व्या अध्यायात आहेच. आपण ती वेदीवरून वाचतो, पण पतपेढीच्या दारात तिची आठवण कितीजणांना होते?

पहिले घर पूर्ण झालेले पाहणे जॉर्डन यांच्या नशिबी नव्हते. दक्षिणेतील बोलीत शुभवर्तमानांचे रूपांतर करण्याचे काम ते शेतावरील आपल्या लहानशा खोपीत बसून करीत. त्यांच्या त्या कथनात प्रभूचा जन्म जॉर्जियातील गेन्सव्हिल गावी होतो! योहानाचे शुभवर्तमान अर्ध्यावर असतानाच २९ ऑक्टोबर १९६९ रोजी त्याच खोपीत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय ५७ होते. मृत्यूची तपासणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने शेतावर येण्यास नकार दिला, म्हणून फुलर यांनी पार्थिव आपल्या गाडीत घालून शहरात नेले. साध्या लाकडी खोक्यात ठेवून त्यांना शेतावरच्या टेकडीवर, खूण नसलेल्या थडग्यात पुरण्यात आले. त्यानंतर थोड्याच काळात पहिले कुटुंब नव्या घरात राहावयास गेले.

फुलर यांनी हा प्रयोग झाईर देशात नेला आणि १९७६ साली ‘हॅबिटॅट’ची स्थापना केली. ज्या कुटुंबाचे घर, त्याने स्वतःही बांधकामावर घाम गाळावा, हा तिचा नियम झाला. १९८४ पासून माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर हातोडा घेऊन या कामात उतरले. कोइनोनियाच्या शेजारच्याच प्लेन्स गावचे ते रहिवासी होते. अमेरिकेत ही संस्था माजी सैनिकांची मोडकळीस आलेली घरेही दुरुस्त करून देते. सैन्यातील पद नाकारणाऱ्या जॉर्डन यांना ते नक्कीच रुचले असते, असे आम्हांस वाटते. २००६ साली कार्टर दांपत्य स्वयंसेवकांसह आपल्या महाराष्ट्रात आले आणि लोणावळ्याजवळ मळवली परिसरात १०० घरांचे काम उभे राहिले.