टॅपिंग रीव्ह : अंगणातल्या खोलीत कायदा शिकवणारे गुरू

आज वकील व्हायचे म्हणजे लॉ कॉलेजात प्रवेश घ्यायचा, हे आपण गृहीत धरतो. अडीचशे वर्षांपूर्वी अमेरिकेत तशी सोय नव्हती. होतकरू तरुण एखाद्या वकिलाकडे उमेदवारी करी. दिवसभर कागदपत्रांच्या नकला उतरवायच्या आणि उरल्या वेळात ब्लॅकस्टोनचे जाडजूड ग्रंथ वाचायचे. वकीलसाहेबांना सवड मिळाली तर ते दोन गोष्टी समजावून सांगत, नाहीतर नाही. ही रीत बदलणाऱ्यांत टॅपिंग रीव्ह यांचे नाव अग्रभागी आहे.

रीव्ह यांचा जन्म १७४४ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. प्रिन्स्टन येथे पदवी घेतल्यावर त्यांनी काही वर्षे शिक्षकी केली. सॅली बर आणि तिचा भाऊ आरन हे त्यांचे विद्यार्थी. पुढे सॅलीशीच त्यांचा विवाह झाला. कनेक्टिकटमधील लिचफिल्ड या छोट्या गावी त्यांनी वकिली मांडली आणि १७७४ मध्ये मेहुणा आरन कायदा शिकायला येऊन राहिला. हा त्यांचा पहिला शिष्य.

विद्यार्थी वाढू लागले, तशी घराची बैठक अपुरी पडू लागली. १७८४ मध्ये रीव्ह यांनी घराशेजारी एक खोली बांधली. तीच त्यांची शाळा! कायद्याचे विषय क्रमवार लावून ते रोज व्याख्यान देत. विद्यार्थी टिपणे घेत, नंतर ती सुवाच्य अक्षरात उतरवून त्यांच्या वह्या बांधून घेत. अभिरूप न्यायालयही भरे. रीव्ह यांचा आवाज बसलेला असे, कुजबुजल्यासारखे ते बोलत. तरी ऐकण्यासाठी वर्ग अगदी चिडीचूप होई.

पुस्तकातला कायदा त्यांनी कोर्टातही आजमावला. शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये बेट नावाच्या गुलाम स्त्रीने स्वातंत्र्यासाठी दाद मागितली. थिओडोर सेजविक यांच्यासोबत रीव्ह तिच्या बाजूने उभे राहिले. सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र व समान आहेत, असे राज्याच्या १७८० च्या संविधानात लिहिले होते. मग ते बेटला का लागू नये, एवढाच प्रश्न होता. १७८१ मध्ये ज्यूरीने तिच्या बाजूने कौल दिला. पुढे ती एलिझाबेथ फ्रीमन या नावाने ओळखली गेली.

१७९८ मध्ये रीव्ह न्यायाधीश झाले, तेव्हा शिकवण्यात त्यांचेच शिष्य जेम्स गूल्ड सोबतीला आले. १८१४ मध्ये रीव्ह राज्याचे सरन्यायाधीश झाले. १८१६ साली त्यांनी पती-पत्नींच्या कायद्यावर ग्रंथ लिहिला. विवाहित स्त्रीच्या मालमत्तेच्या हक्कांबाबत ते आपल्या काळाच्या पुढे होते. मात्र त्यांच्या वर्गात मुलींना जागा नव्हती, हेही खरेच.

१८२३ मध्ये रीव्ह वारले. हार्वर्ड आणि येलची स्पर्धा वाढली आणि १८३३ मध्ये लिचफिल्डची शाळा बंद पडली. तोवर हजाराहून अधिक तरुण तिथून शिकून गेले होते. सार्वजनिक शाळांसाठी आयुष्य वेचणारे होरेस मॅन त्यांतलेच. आणि गुलामगिरीचा कट्टर कैवार घेणारे उपराष्ट्राध्यक्ष जॉन कॅलहूनही त्यांतलेच! बेटसाठी लढलेल्या गुरूंचा शिष्य असा निघाला. युक्तिवाद कसा करावा हे गुरू शिकवू शकतात, पण तो कोणासाठी करायचा हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.

रीव्ह यांचे घर आणि ती खोली लिचफिल्डमध्ये आजही जपून ठेवलेली आहे.